घरचा हमस (काबुली चणे आणि तिळाचं वाटण) रवाळ का होतो? हॉटेलसारखा मऊ कसा करायचा?

दोष मिक्सरचा नाही, चण्यांचा. काबुली चणे रात्रभर भिजवा आणि शिजवताना वाटीभर चण्यांना पाव चमचा खायचा सोडा घाला, सालं सुटतात. कुकरच्या सात-आठ शिट्ट्या होऊ द्या. दोन बोटांत धरलेला चणा लोण्यासारखा चेपला पाहिजे. उसळीला चालतो तो चणा इथे कच्चाच समजा. वर तरंगतील तेवढी सालं काढा, एकेक सोलत बसू नका.

ताहिनी, म्हणजे तिळाची पातळ पेस्ट, विकत महाग पडते, म्हणून मी ठाण्यात जांभळी नाक्यावरून पांढरे तीळ आणते, रंग न बदलता जेमतेम भाजते आणि तेल घालून पातळ वाटते. आधी ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ फिरवायचं, मग चणे. शेवटी बर्फाचं पाणी चमचा-चमचा. रंग फिकट झाला की थांबा. थोडा सैलच ठेवा, फ्रिजमध्ये घट्ट होतो.