आईंच्या पर्समधली डबी

प्रिय मैत्रिणी,

“ताई, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत गांजाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, निघाल्या. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पाय रात्रभर जळतात गं, हिनं झोप तरी लागते. पण त्याला सांगू नकोस, आणि डॉक्टरांना तर मुळीच नको.”

तुझं पत्र चार पानांचं आहे. आईंना ऑक्टोबरात पुण्याला परतताना ती डबी बरोबर न्यायची आहे, मुलगा कॉलेजात गांजा ओढतो, गांजाला कायद्यानं मोकळीक द्यावी का यावरून नवरा आणि मोठे दीर फोनवर भांडतात, ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलाय. सगळ्याचं उत्तर देते. पण माझं मन त्या शेवटच्या शब्दांपाशीच अडकलंय. “डॉक्टरांना तर मुळीच नको.” आणि तू तीन आठवडे तो शब्द पाळलास! अगं, अमेरिकेतल्या डेन्व्हरहून पुण्याला मला चार पानं लिहिलीस, त्याआधी तिथल्या डॉक्टरांना दोन मिनिटांचा फोन का नाही केलास?

रागावते आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

आम्ही सॅन होजेला सतरा वर्षं काढून २०१२ मध्ये कोथरूडला परत आलो. माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप होती, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी कायमची. दर महिन्याला रक्त तपासायचं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला की घरात सुस्कारा. २०१७ च्या डिसेंबरात माझा मावसभाऊ सिएटलहून आला. आईच्या पाठदुखीसाठी त्यानं सीबीडीचं, म्हणजे गांजाच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं, तेल आणलं होतं, खोबरेल तेलाच्या बाटलीत भरून. ‘नशा नसते यात, नुसतं औषध आहे,’ म्हणाला. आईला बरं वाटलं. ती रोज थेंब मोजून घ्यायला लागली, आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलं की हे बाहेर बोलायचं नाही.

जानेवारीत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मांड्यांवर काळेनिळे डाग. आयएनआर सहाच्या वर गेला. डॉक्टर विचारत होते, नवीन गोळी घेतली का, अँटिबायोटिक घेतलं का, जेवणात काही बदललं का? आईनं मान हलवली, बाबांनी हलवली, मीही हलवली. दोन दिवस दवाखान्यातल्या खाटेवर ती पडून होती आणि मला उत्तर माहीत होतं. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना गाठून सांगितलं. ते रागावले नाहीत. “किती थेंब? कधीपासून?” एवढंच विचारून फाइलमध्ये लिहून घेतलं. यकृतात ज्या एन्झाइममुळे वॉरफरिनचा निचरा होतो, त्यांचं काम सीबीडीनं मंदावतं. गोळी नेहमीचीच, पण अंगात साचत राहते. आई वाचली. ते दोन दिवस मात्र माझ्या मनातून गेलेले नाहीत.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. दुसऱ्या पानावर तू सहज लिहून गेली आहेस, “बीपीची, शुगरची आणि झोपेची गोळी चालू आहेच.” झोपेची गोळी आणि वर गमी! दोन्हींची गुंगी एकमेकींत भर घालते. गमीतल्या टीएचसीनं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्यानं, म्हाताऱ्या माणसाची नाडी वाढते, उठल्यावर रक्तदाब पडतो, चक्कर येते. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर खुबा मोडतो, आणि त्या वयात खुबा मोडला की घरी काय होतं ते तुला माहीत आहे. शिवाय गमीचा असर चढायला तासदोन तास लागतात. काही होत नाही म्हणून माणूस दुसरी खातो, मग दोन्ही एकदम चढतात. कोलोरॅडोत एक गमी म्हणजे बहुधा दहा मिलिग्रॅम. वयस्कर माणसाला डॉक्टर द्यायचेच झाले तर त्याच्या पाव भागापासून सुरुवात करतात.

आईंना मी दोष देत नाही. कॅन्सरच्या केमोनंतर पायांची जी जळजळ होते ती सोसणाऱ्यालाच कळते. आणि त्यांना आराम पडतो हे त्यांचं म्हणणं खोटं समजू नकोस. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं २०१७ मध्ये सगळं संशोधन चाळून अहवाल दिला, त्यात मोठ्या माणसांचं जुनं दुखणं आणि केमोची मळमळ यांवर गांजातल्या द्रव्यांचा उपयोग होतो याला बळकट पुरावा असल्याचं म्हटलं आहे. पण याच जळजळीवर ड्युलॉक्सेटिनसारखी साधी गोळीही आहे. ती आईंना चालेल की नाही हे कोण ठरवणार? ज्यांच्यापासून लपवताय तेच ना?

त्यांना एवढंच म्हण: “आई, डबी मी काढून घेणार नाही. पण वरचं लेबल डॉक्टरांना दाखवू या.” त्या व्हिसाची भीती काढतील. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं गोपनीय असतं हे सांग. मग पुण्यातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाही निघण्याआधी कळव.

डबी विमानात न्यायची नाही. यावर चर्चा नको. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याला डेन्व्हरच्या दुकानाची पावती दिसत नाही, अगदी थोडं सापडलं तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यात तुमचं तिकीट दुबईमार्गे, तिथला कायदाही कडक. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांचं दुखणं हलकं करण्याचंच काम तिथे चालतं. आईंना तिथे ने.

मुलाचं थोडक्यात. “तिथे लीगल आहे म्हणतो,” असं तू लिहितेस. कोलोरॅडोत वयाची अट एकवीस आहे, तो एकोणीसचा. शिवाय राज्यात चालतं ते केंद्राच्या कायद्यात अजून गुन्हाच, आणि ग्रीन कार्ड केंद्र देतं. शिक्षा किंवा पोलिसांत नोंद व्हायलाच हवी असं नाही, अधिकाऱ्यासमोर नुसती कबुली दिली तरी अर्ज बुडू शकतो. हे त्याच्या वडिलांनी त्याला आज रात्री सांगावं. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर तेही सांगावं, कारण अशा मुलांना गांज्याचा धोका जास्त असतो.

राहिलं नवऱ्याचं आणि दिरांचं भांडण. एक म्हणतो शंकराला वाहतात, दुसरा म्हणतो पिढी नासेल. दोघेही दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. मौजेसाठी मोकळीक द्यावी का, याची मला काही घाई नाही. कॅनडानं २०१८ मध्ये आणि जर्मनीनं २०२४ मध्ये दिली, त्यांचे अनुभव आणखी काही वर्षं पाहू. औषधाचा प्रश्न मात्र मला जिव्हाळ्याचा आहे. याच एनडीपीएस कायद्याच्या धाकानं आपल्याकडे तीव्र दुखण्यावरचं मॉर्फिन मिळेना. ते ज्या अफूपासून बनतं ती आपल्याच शेतात पिकते आणि कॅन्सरचे रुग्ण तळमळत होते. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि रुग्णांसाठी वाट थोडी मोकळी झाली. गांजातल्या औषधासाठीही तशी वाट हवी, म्हणजे ते खोबरेलच्या बाटलीतून न येता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येईल. हे दोघांना वाचून दाखव.

सोमवारी तिथले दवाखाने उघडले की पहिला फोन कर. गमीच्या पाकिटाचा फोटो आणि आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेव. झोपेच्या गोळीचं नाव सगळ्यात आधी सांग.

तुझी,
ताई
कोथरूड, पुणे