अठरा टक्क्यांचा फरक

इंटर्नशिपच्या सहाव्या आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि ती मध्येच सोडल्याचे पत्र कसे लिहावे, असे त्याने विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा हा मुलगा रत्नागिरीतल्या आपल्या घरूनच पुण्यातील एका कंपनीसाठी औद्योगिक पंख्याचे सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचे संगणकीय गणित, करीत होता. चाचणीत मोजलेल्या दाबापेक्षा त्याच्या गणितात दाब १८ टक्के जास्त येत होता. "इंटर्नशिप वाया गेली, मुलाखतीत काय सांगू?" हे जून-जुलैत माझ्यासमोर बसणारी अनेक मुले विचारतात; त्याने पुढे जोडले, "मॅडम, हे क्षेत्रच मला जमणार नाही."

मला सीएफडीतले काही कळत नाही, आणि अशा वेळी ते सोयीचेच पडते. मला समजेल असे सांग, म्हटल्यावर त्याने सांगितले की त्याच्या गणितात पाती फिरतच नाहीत. ती स्थिर ठेवून भोवतालच्या हवेचा भाग फिरत्या चौकटीत धरला, की गणना पुष्कळ हलकी होते. मेश, म्हणजे हवेच्या जागेची लाखो लहान घरांत केलेली वाटणी, त्याने तीनदा बारीक केली होती आणि उत्तर तसूभरही हलले नव्हते. "मग दोष मेशमध्ये नाही, हे तुला कळले आहे," मी म्हटले. संगणकाला दिलेला प्रत्येक आकडा आणि तो कुठून घेतला, हे एका कागदावर लिहून आणण्यास मी सांगितले.

सहा आठवड्यांत इंटर्नशिपच्या गाइडला त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि खरी अडचण मला इथे दिसली. वडील मासेमारी नौकेवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख; १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने नौका शाकारलेली, कमाई थांबलेली, आणि मुलगा दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉपपुढे. त्यांना दाखवण्यासारखे काही नाही, याची लाज गाइडच्या भीतीत मिसळली होती. तो कागद आधी वडिलांना समजावून सांग, असे मी सुचवले.

नौकेच्या प्रोपेलरलाही पंखाच म्हणणाऱ्या वडिलांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "हे फेरे इंजिनाचे की शाफ्टचे?" नौकेत मधल्या गिअरबॉक्समुळे शाफ्ट इंजिनापेक्षा हळू फिरतो; आपल्या पंख्याला गिअरबॉक्सच नाही म्हणून मुलगा आधी चिडला. पण कागदावर मिनिटाला १५०० फेऱ्यांपुढे स्रोताची जागा रिकामी होती. त्याने गाइडला तीन ओळींचा ईमेल पाठवला आणि उत्तरात चाचणीचा तक्ता आला. ५० हर्ट्झवर चार ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग, म्हणजे तिच्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा फिरण्याचा वेग, १५०० असतो आणि त्याने तोच धरला होता. प्रत्यक्षात भाराखाली मोटर १४४० फेऱ्यांनी फिरत होती. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने सुमारे साडेआठ टक्के एवढ्यानेच वाढले होते. शिवाय पात्याचे टोक आणि आवरण यांच्यातली फट त्याने सोयीसाठी बुजवली होती. प्रत्यक्षात तिच्यातून हवा मागे गळते आणि दाब घटतो.

दोन्ही दुरुस्त्यांनंतरही फरक चार टक्के उरला. तो तसाच नोंदवावा, असे गाइडने कळवले. अहवालात १५००ची चूक ठेवावी की गाळावी, हे विचारायला तो पुन्हा आला, तेव्हा तो प्रश्नही मी गाइडकडेच पाठवला.