आजोबांचं रिव्हॉल्व्हर गंजलंय, नव्यासारखं करता येईल का?

रत्नागिरीच्या घरात चामड्याच्या म्यानात राहिलेलं ०.३२ बोअरचं वेब्ली (ब्रिटिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर) गंजलंय आणि तुम्हाला ते चकचकीत करून हवंय. चकचकीत करू नका. गंज थांबवा आणि मूळ पृष्ठभाग जपा.

पण त्याआधी कागद. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि ते हयात नसतील, तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा. साफसफाई परवाना हाती आल्यावर.

सुरुवातीला घोड्याजवळची नळी सोडणारी कळ (चाप नव्हे) दाबून नळी खाली झुकवा आणि चेंबर, म्हणजे सिलिंडरमधली काडतुसांची भोकं, एकेक करून पाहा. अडकलेलं काडतूस दिसलं तर ठोकाठोकी न करता थेट गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा.

गंजावर शिलाई मशीनचं पातळ तेल लावून दिवसभर राहू द्या. मग ०००० नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. लाल गंज निघतो, खालचा निळसर-काळा थर राहतो. कापडावर काळं यायला लागलं किंवा खालचं पांढरं लोखंड दिसू लागलं की हात थांबवा, कारण आता तो थरच निघतोय. खोल काळे खड्डे तसेच राहू द्या. निकेल प्लेटिंग असेल तर स्टील वूल अजिबात नको, नुसतं मऊ कापड आणि तेल.

पॉलिश पेपर किंवा बफिंग मशीन लावलं की कडा गोल होतात, शिक्के झिजतात. त्यात हत्यारावर कोरलेला नंबर पुसट झाला तर नुसती किंमत घटत नाही: कलम ८ प्रमाणे ओळखखूण खोडणं गुन्हा आहे, आणि खोडलेल्या नंबरचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं.

नळी मागच्या बाजूने साफ करा. नळी खाली झुकणाऱ्या वेब्लीत ते सोपं आहे. ब्राँझचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या, पांढऱ्या निघेपर्यंत. उजेडाकडे धरल्यावर नळीत गडद कडं दिसलं तर तो फुगवटा असू शकतो. गनस्मिथने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका. नळी बंद केल्यावर त्या कळीत ढिलेपणा जाणवला किंवा घोडा चढवल्यावर सिलिंडर जास्त हलला, तरीही तेच.

आतली यंत्रणा घरी उघडू नका. वेब्लीची मुख्य स्प्रिंग ‘व्ही’ आकाराची असते, चुकीच्या पद्धतीने दाबली तर तुटते. स्क्रूच्या खाचेत घट्ट न बसणारा पेचकस खाच खाऊन टाकतो. शिवाय दुरुस्तीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक कारागीरच शोधा.

खोबरेल तेल लावू नका. ते हळूहळू चिकट होऊन यंत्रणा अडकवतं. डब्ल्यूडी-४० ओल घालवायला चालतं, पण संरक्षण म्हणून पुरत नाही. वरून खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्या.

ते म्यान वेगळं ठेवा. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात, तुमचा गंज बहुधा तिथूनच आलाय. हत्यार सुती कापडात, कुलूपबंद पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. कोकणातल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसा, आणि जेल ओलं झालं असेल तर बदला.