लॅव्हेंडरचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं

पावसाळा सरत आला की या सदराकडे सुगंधी झाडांची पत्रं वाढतात. या महिन्यात लॅव्हेंडरबद्दलच इतकी आली की त्यांतलं एक पत्र निवडून उत्तर सगळ्यांसाठीच सविस्तर देते आहे.

काकू, मार्चमध्ये नर्सरीतून लॅव्हेंडरची कुंडी आणली. तीन महिने छान होती. जुलैत खालची पानं काळी पडायला लागली आणि बघता बघता झाड गेलं. पाणी रोज घालत होते, शेणखतही दिलं होतं. नाशिकमध्ये लॅव्हेंडर होतच नाही का?
*– एक वाचक, इंदिरानगर*

होतं. मात्र त्याचं वर्ष आपल्या नेहमीच्या बागेच्या वर्षाशी जुळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राच्या काठावरच्या खडकाळ उतारांचं. तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात, जमीन गार असताना. उन्हाळा कडक पण कोरडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुळं उबदार असतात आणि नेमकी तेव्हाच माती चिंब असते. उबदार आणि चिंब हे दोन्ही एकत्र आलं की मुळं कुजतात. बुडापासून काळं पडत जाणं हीच त्याची खूण. म्हणजे तुमचं झाड जुलैनं नेलं. रोजच्या पाण्यानं आणि शेणखतानं त्याला हातभार लावला.

बियांच्या पाकिटांवर आणि परदेशी पुस्तकांत ‘मार्च-एप्रिलमध्ये लावा’ असं छापलेलं असतं. ते त्यांच्या हवेचं गणित आहे. आपल्याकडे लॅव्हेंडर, रोझमेरी, थाईम, मरवा या सगळ्यांचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. दसऱ्याला रोप लावायचं, थंडीत ते मूळ धरतं, होळीच्या आसपास फुलं काढायची, अक्षय्य तृतीयेच्या आत छाटणी उरकायची आणि पावसाळाभर फक्त झाड जगवायचं. पावसाळ्यात त्याच्याकडून वाढीची अपेक्षा ठेवू नका.

आता जात कोणती घ्यायची? चित्रांत दिसणारी जांभळी शेतं आहेत ती इंग्लिश लॅव्हेंडरची किंवा त्याच्या संकराची. त्याला लांब, कडक थंडी लागते. जम्मूकडे डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला हिवाळ्यात बर्फ पडतो. तिथल्या शेतकऱ्यांनी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून मका सोडून इंग्लिश लॅव्हेंडरचं पीक घेतलं आणि ते उत्तम आलं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. निफाडचा पारा कितीही खाली गेल्याच्या बातम्या येवोत, ती थंडी थोड्या रात्रींची. म्हणून नर्सरीत पानं बघून घ्या. कडेला बारीक दाते असलेलं डेंटाटा किंवा शेपूच्या पानासारखं चिरलेलं मल्टिफिडा, ही दोन आपल्या उन्हाला तोंड देतात. त्यांचा वास थोडा कापराकडे झुकतो. कपाटात आणि पुस्तकांत ठेवायला फार छान, पण चहात आणि बिस्किटांत घालू नका. खाण्यासाठी इंग्लिश जातीचीच फुलं वापरतात, तीही चिमूटभर.

कुंडी मातीचीच घ्या. आपली काळी माती या झाडाला नको. ती पाणी धरून ठेवते. दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग जुनं गांडूळखत आणि वर चिमूटभर चुना. एवढ्यावर वर्ष निघतं. नंतर खत देऊ नका. जास्त खतानं झाड हिरवंगार लुसलुशीत होतं आणि वास मात्र पातळ होतो. बोअरच्या जड पाण्याची काळजी करू नका. बऱ्याच झाडांना ते मानवत नाही, पण लॅव्हेंडरला त्यातल्या चुन्याचा त्रास होत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. जूनमध्ये ती पागोळ्यांपासून दूर, उजेड आणि वारा दोन्ही मिळेल अशा आडोशाला न्या. बंद खोलीत नको. वारा नसेल तर आडोशाचा उपयोग नाही.

फुलं काढताना दांड्यावरची खालची फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या मिटलेल्या असाव्यात. सकाळी दव वाळल्यावर लांब दांड्यासकट कापा. पंधरा-वीस दांड्यांची जुडी रबरबँडनं बांधा. दांडे वाळून बारीक होतात तेव्हा सुतळीतून सुटतात, रबर मात्र धरून ठेवतं. अंधाऱ्या, वारा खेळणाऱ्या खोलीत उलट्या टांगा. फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या कोरड्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. छाटताना हिरव्या भागाचा तिसरा हिस्सा काढा, पण खालच्या पानं नसलेल्या लाकडाला कात्री लावू नका. तिथून नवे फुटवे सहसा येत नाहीत.

आणि मेलेल्या झाडाच्या जागी नवं विकत आणण्याआधी शेजारीपाजारी बघा. न फुललेल्या फांदीचा वीतभराहून लहान शेंडा, खालची पानं काढून, ऑक्टोबरमध्ये ओल्या वाळूत खोचला तर महिना-दीड महिन्यात मुळं धरतो.

ताई, आमच्या द्राक्षबागेच्या ओळींच्या टोकांना सासऱ्यांनी गुलाब लावलेत. फुलं झडली की हिरवी गोल फळं धरतात आणि नंतर लाल होतात. मुलगी म्हणते हे रोझहिप, याचा चहा करतात, भरपूर क जीवनसत्त्व असतं. करू का?
*– पिंपळगाव बसवंत*

मुलगी बरोबर सांगते, पण ही फळं नका वापरू.

बागेच्या कडेला गुलाब लावण्याची रीत जुनी आहे आणि तुमच्या सासऱ्यांनी ती विचारानं पाळली असणार. गुलाबावरची भुरी आणि द्राक्षावरची भुरी या वेगळ्या बुरशींच्या, पण दोघींना हवा साधारण सारखीच मानवते. गुलाबावर पांढरं दिसलं की बाग तपासायची. अडचण अशी, की ऑक्टोबर छाटणीपासून भुरी आणि डावणी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात आणि तुमची ही फळंही त्याच दिवसांत पोसतात. द्राक्षाला शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे याचा हिशेब असतो, तुम्ही तो पाळता. गुलाबफळासाठी तसा हिशेब कोणी मांडलेला नाही. शिवाय आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं, औषध धुऊन जात नाही. मोहाडी-जानोरीकडच्या पॉलिहाऊसच्या गुलाबांनाही हेच लागू. ते फुलदाणीसाठी वाढवलेले असतात, पाकळ्याही खाऊ नयेत.

हौस पुरवायची तर घराच्या परसात, बागेच्या वाऱ्यापासून दूर, एक-दोन झाडं वेगळी लावा. साध्या पाच पाकळ्यांचा किंवा कमी पाकळ्यांचा गुलाब निवडा. भरगच्च फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे फळ क्वचित धरतं. दिवाळीनंतरची फुलं खुडू नका, झाडावरच राहू द्या. फळ पिकायला तीन-चार महिने लागतात. पूर्ण लाल, पण दाबल्यावर अजून टणक असं असताना तोडा. एक लक्षात ठेवा, फळं पोसणारं झाड नवी फुलं कमी देतं. म्हणून सगळ्या झाडांवर फळं ठेवू नका.

फळ उभं चिरलं की आत बिया आणि त्यांना चिकटलेले बारीक केस दिसतील. ते केस घशाला आणि पोटाला खाजवतात. इंग्लंडमधली पोरं खोडी काढायला ते एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकत. चमच्यानं सगळं खरवडून काढा, नुसतं साल आणि गर ठेवा. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळा आणि दुहेरी सुती कापडातून गाळा. तांब्या-पितळेचं भांडं नको, क जीवनसत्त्व तांब्यानं लवकर नष्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला संत्री मिळेनाशी झाली तेव्हा तिथे शाळकरी मुलांनी कुंपणावरची ही फळं गोळा केली आणि त्यांचं सरबत लहान बाळांना दिलं गेलं. त्यांच्याकडे आवळा नव्हता. तुमच्याकडे आहे. क जीवनसत्त्वासाठीच करायचं असेल तर मोरावळा घाला.

आणि लाल, आंबटसर चहाचीच आवड असेल तर मला विचाराल तर लाल अंबाडी लावा. जूनमध्ये बांधावर बी टाकायचं, कोवळा पाला भाजीला खुडायचा, दिवस लहान झाले की ती फुलते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं येतात. मधली बी काढून लाल मांसल पाकळ्या सावलीत वाळवा. दुकानातल्या रोझहिपच्या चहाच्या पुड्यांत पुष्कळदा हीच मिसळलेली असते आणि लाल रंग तिचाच असतो. गूळ घालून तिचं सरबत उन्हाळ्यात फार सुरेख लागतं.

काकू, मी कॉलेजला आहे. भाड्याच्या खोलीची गॅलरी पूर्वेला, ऊन सकाळी तीन तास. पिझ्झ्यावर घालायला ओरेगॅनो आणि बेसिल लावायचंय.
*– सातपूर*

अरे, तीन तासांत ओरेगॅनो जगेल पण वास धरणार नाही. या झाडांचा वास उन्हात तयार होतो. त्याऐवजी पानओवा लाव. एक फांदी कुठूनही तोडून आण, मातीत खोच, बास. त्याचं जाड पान बारीक चिरून पिझ्झ्यावर टाकलंस तर ओरेगॅनोची उणीव भासणार नाही, कारण दोघांच्या वासातला एक मुख्य घटक सारखाच आहे. उरलेल्या पानांची भजी कर. बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की रुंद कुंडीत लाव, त्याला तुझी गॅलरी आवडेल. बेसिलसाठी मात्र घरमालकांना गच्चीचा एक कोपरा माग. आणि पुढचं उत्तर मरव्याचं असलं तरी तो ओरेगॅनोचाच भाऊबंद, म्हणून तेही तुझ्यासाठीच आहे असं समजून वाच.

माझ्या आईच्या वेणीत मरवा असायचा आणि चैत्रात घरी दवणा यायचा. आता बाजारात मरवा क्वचित दिसतो. घरी लावता येईल का? की ही झाडं आता गेलीच?
*– एक शिक्षिका, सिन्नर*

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. लॅव्हेंडरसाठी जीव टाकणाऱ्या सगळ्यांना ते दाखवावं असं वाटलं.

मरवा गेलेला नाही. बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात फुलवाल्यांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, मुळासकट काडी मिळाली तर तीच लावा. नुसती ताजी फांदी मिळाली तरी दसऱ्यानंतर वाळूत लागते. मरवाही भूमध्य समुद्राकडचाच, ओरेगॅनोचा सख्खा भाऊबंद, पण आपल्या वेण्यांत आणि हारांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. लॅव्हेंडरला सांगितलेलं सगळं त्याला तसंच लागू: वाळू, वारा, ऊन, हात राखून पाणी. फुलाच्या गाठी दिसायला लागल्या की शेंडे खुडत राहा, झाड झुडुपासारखं भरतं. आणि तो फक्त वेणीत ठेवू नका. वाळलेला मरवा बटाट्याच्या काचऱ्यांवर किंवा टोमॅटोच्या सारात शेवटी चुरडून टाका.

दवणा हंगामी आहे, दर वर्षी नवा पेरावा लागतो. त्याच्या बियांची उगवण लवकर कमी होते, म्हणून बी त्याच वर्षीचं हवं. बी अगदी बारीक असतं. ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून ठेवा, मग वाळूत मिसळून दिवाळीच्या सुमाराला पसरट ट्रेमध्ये पेरा आणि झारीनं नाही, फवाऱ्यानं पाणी द्या. चार-सहा आठवड्यांनी रोपं वीतभर अंतरावर हलवा. भरपूर ऊन आणि कोरडी थंडी ही त्याची गरज, ती सिन्नरकडे नाशिक शहरापेक्षाही चांगली भागते. फेब्रुवारीअखेर पिवळे गोंडे दिसू लागतात, वास तेव्हा भरात असतो. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात तो याच हंगामाचा. दवण्याच्या तेलाला अत्तरांच्या जगात मोठा मान आहे आणि ते जगाला मुख्यतः दक्षिण भारतच पुरवतो. आपल्या मुलांना लॅव्हेंडर वासावरून ओळखता यावं आणि दवणा ओळखता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेच्या आवारात एक वाफा काढता आला तर जरूर काढा. बी मिळवण्यात अडचण आली तर या सदराकडे लिहा.

सात महिन्यांच्या नातवाला झोप लागावी म्हणून लॅव्हेंडरची उशी शिवून त्याच्या पाळण्यात ठेवू का?
*– देवळाली कॅम्प*

नको. एवढ्या लहान बाळाच्या पाळण्यात कोणतीच उशी किंवा पुरचुंडी नसावी, गुदमरण्याचा धोका असतो. लॅव्हेंडरचं तेलही त्याच्या अंगाला लावू नका, पोटात तर मुळीच नाही. पुरचुंडी तुमच्या साड्यांच्या कपाटात ठेवा, कसरीवर थोडा उपयोग होतो.

आमच्याकडे गवती चहा आणि पुदिना रग्गड. वाळवायला घातला की बुरशी येते. काय करावं?
*– त्र्यंबकेश्वर*

तुमच्याकडच्या पावसाळ्यात काहीही वाळवायला घालू नका. हवेतच इतका ओलावा असतो की पान वाळण्याआधी बुरसतं. जून ते सप्टेंबर पुदिना ताजाच वापरा. जास्त झाला तर चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्यासकट गोठवा, सरबताला तो बर्फच टाकता येतो. गवती चहा जमिनीपासून चार बोटं वर ठेवून कापत राहा, म्हणजे गड्डा पुन्हा फुटतो. वाळवणासाठीचा मोठा तोडा दिवाळीनंतर घ्या.

तेव्हा पाती धुऊन, फडक्यानं कोरडी करून, बोटभर लांबीची कापा आणि घरात सावलीत सुती कापडावर पातळ पसरा. उन्हात घातली तर वासाचं तेल उडून जातं आणि हाती पेंढा राहतो. पात मोडल्यावर काडकन तुटली पाहिजे, वाकली तर अजून दोन दिवस ठेवा. मग काचेच्या बरणीत भरा आणि पहिला आठवडा रोज बरणीच्या आतल्या बाजूकडे बघा. काचेवर वाफ धरलेली दिसली तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसरा.