२५ पैकी ७ आणि मौत का कुआँ

अगं,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर नुसतं "होईल गं नीट" एवढंच लिहिलं असतं, म्हणून आज निवांत लिहितेय. बारावीची पहिलीच युनिट टेस्ट, फिजिक्सला २५ पैकी ७, आणि खाली तुझं वाक्य, "मावशी, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत तरी सम सुटत नाहीत". इतकी वर्षं शिकवतेय, दर पावसाळ्यात हे ऐकते, पोरं बदलतात वाक्य तेच.

पेपरचा फोटो झूम करून बघितला. एकाही समला चित्र काढलेलं नाहीये. एकाही!

तो मौत का कुआँवाला सम घे. त्रिज्या (आर) ५ मीटर, म्यू म्हणजे टायर आणि भिंतीमधल्या घर्षणाचा आकडा ०.५, कमीत कमी स्पीड काढा. तू म्यू, आर आणि गुरुत्वाकर्षणाचा जी, तिघांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलंस आणि ४.९५ मीटर पर सेकंद लिहून मोकळी झालीस. आता हे ताशी किती होतात बघ, जेमतेम १८ किलोमीटर. अगं तुझी सायकल जोरात मारलीस तर एवढा स्पीड येतो, जत्रेत तो माणूस एवढ्या स्पीडने उभ्या भिंतीवर राहील का? पाठ केलेला फॉर्म्युला बरोबरच होता, पण तो सपाट रस्त्यावरच्या वळणाचा, आणि तिथे तो जास्तीत जास्त स्पीड सांगतो.

चित्र काढलं असतंस तर असं झालं असतं. उभी भिंत, त्यावर एक ठिपका म्हणजे बाइक आणि माणूस. वजन खाली. भिंत ढकलते ती आडवी, सेंटरकडे, म्हणजे नॉर्मल रिअॅक्शन आडवी आहे. घसरायला बघतोय खाली, म्हणून फ्रिक्शन वर. संपलं, तीनच बाण. गोल फिरवायचं काम नॉर्मल करते, वजन पेलायचं काम फ्रिक्शन करतं, आणि सपाट रस्त्यावर नेमकं उलटं असतं, तिथे नॉर्मल वजन पेलते आणि फ्रिक्शन वळवतं. म्हणून इथे म्यू खाली भागाकारात जातो, आर गुणिले जी भागिले म्यू, त्याचं वर्गमूळ. ९.९ येतात, ताशी साधारण ३६ किलोमीटर, आणि भिंत खरखरीत असेल तर कमी स्पीड पुरतो हेही पटतं. सेंट्रिपिटल फोर्सचा चौथा बाण मात्र काढू नकोस, तो वेगळा फोर्स नाहीये, असलेल्या फोर्सपैकी कोणीतरी करतं त्या कामाचं ते नाव आहे. निम्मा वर्ग इथेच गंडतो.

दुसरं म्हणजे भाषा. तू दहावीपर्यंत मराठी मीडियमची, आणि मला वाटतं हे तुझं नुकसान नाहीये, फायदा आहे, फक्त तू तो वापरत नाहीस. मोमेंट ऑफ इनर्शिया वाचून तू मोमेंट म्हणजे क्षण समजलीस ना? (लाजू नको, माझ्या वर्गात दरवर्षी चारपाच जण समजतात.) त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, आणि जडत्व म्हटलं की कळतंच की आहे त्या स्थितीत बदल नको असणारा हट्टीपणा. तसाच हा फिरण्याबाबतचा हट्टीपणा, आणि तो नुसत्या वजनावर नाही तर ते वजन अक्षापासून किती लांब आहे त्यावर ठरतो. पेपरला इंग्रजीत लिही, डोक्यात मराठीत समज.

अकरावी तू आराम केलास, सगळेच करतात, आता ओरडून काय उपयोग. पण व्हेक्टर्स आणि डेरिव्हेटिव्हचा तो चॅप्टर परत काढ, आठवडा दे त्याला, बाकी अकरावीचं हळूहळू. सीईटीला अकरावीचं २० टक्के येतंच, आणि तिथे फिजिक्स केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तेव्हा चित्र मनातल्या मनात दिसायला लागतं, पण आधी कागदावर शेकडो काढलेली असतील तरच.

आणि प्रॅक्टिकलचे ३० मार्क फुकट असतात म्हणून जर्नल उतरवू नकोस. मी उतरवलं होतं. रेझोनन्स ट्यूबची (पाणी भरलेली उभी नळी, तोंडाशी ट्यूनिंग फोर्क वाजवायचा आणि पाण्यावरची हवा किती लांब झाली की आवाज घुमतो ते मोजायचं) रिडिंगं आदल्या वर्षीच्या एका मुलीच्या जर्नलमधून जशीच्या तशी, ५१२ हर्ट्झच्या फोर्कसमोर २४.५ सेंटीमीटर. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी तोच फोर्क माझ्या हातात दिला, म्हणाले वाजव आणि दाखव. पाण्याची लेव्हल खाली करत गेले आणि १६ च्या आसपासच आवाज एकदम भरून आला, अख्ख्या लॅबला ऐकू गेला. माझी ततपप. नंतर कळलं की ते रिडिंग ३४१ च्या फोर्कचं होतं. सरांनी नुसतं हवेतला आवाजाचा वेग भागिले फ्रिक्वेन्सीची चौपट एवढं तोंडी केलं असणार, रिडिंग घ्यायच्या आधी मीही करू शकले असते. तू करत जा, अंदाज आधी पेन्सिलने लिही आणि मग ट्यूबला हात लाव.

आता एक काम. त्या कुएँवाल्याने स्पीड ३६ वरून ५० केला तर भिंत त्याला आणखी जोरात ढकलणार, म्हणजे म्यू गुणिले नॉर्मल पण वाढणार, बरोबर? वजन तर तेवढंच आहे. मग तो वर का सरकत नाही? यूट्यूबवर शोधू नको, तीन बाण काढ, आणि उत्तर नाही आलं तरी चित्राचा फोटो पाठव. रविवारी दुपारी घरीच आहे मी, फोन कर.

मावशी