कॅनोपी आतून धुरकटली तर

प्रश्न : माझ्या मुलाने सुट्टीत मिग-२१ लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल जोडलं. कॉकपिटवरची पारदर्शक कॅनोपी झटपट चिकटणाऱ्या ग्लूने बसवली. सकाळी बघते तर ती आतून पांढुरकी झालेली! पोरगं दोन दिवस नीट जेवलेलं नाही. काही करता येईल का? पुढच्या वेळी कुठला ग्लू आणावा? – एक आई, लालबाग

उत्तर : ताई, मुलाला आधी सांगा, त्याच्या हाताची चूक नाही, ग्लू चुकला. माझ्या पहिल्या नॅट विमानाच्या मॉडेलची कॅनोपी अशीच गेली होती, त्यामुळे त्याला काय वाटत असेल ते मला ठाऊक आहे.

झटपट ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. तसं होताना थोडी वाफ उडते, जवळच्या प्लास्टिकवर बसते आणि तिथेच तिचा पांढरा थर धरतो. बंद कॉकपिटमधून वाफेला वाट मिळत नाही, म्हणून थर आतून. आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा!

आता उपाय. विमान पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने हा ग्लू ठिसूळ होतो. मग ब्लेडचं टोक कडेच्या फटीत हलकेच सरकवा, कॅनोपी बहुतेक सुटेल. हे काम मात्र तुम्ही करा. सुटल्यावर आतल्या बाजूला साधी पांढरी टूथपेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन गोल गोल चोळा. दहा मिनिटं लागतील, घाई नको. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका. त्याने पॉलिस्टायरीनच, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिकच, विरघळतं आणि मग इलाज उरत नाही.

परत बसवायला घरातला फेविकॉल घ्या. खरंच. एक थेंब बाटलीच्या झाकणात काढायचा, टूथपिकच्या टोकावर घ्यायचा आणि कॅनोपीला नाही, तर विमानाच्या कडेला केसाएवढी रेघ ओढायची. कॅनोपी ठेवा, मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा, बाहेर आलेला ग्लू ओल्या इअरबडने टिपून घ्या. आधी दुधासारखी दिसणारी रेघ सुकत जाते तशी नाहीशी होते. बारीक फटही त्यातच बुजते. पावसाळ्यात पूर्ण दिवस हात लावायचा नाही. हा जोड पोलादी नसतो, पण कॅनोपीला कुठला भार सोसायचाय? विमान तिथे धरून उचलायचं नाही, एवढंच.

प्रवासी विमानांच्या बारीक खिडक्याही मी याच ग्लूने करतो. टूथपिकने भोकाच्या कडेने फिरवून पडदा ओढला की सुकल्यावर काच तयार.

मॉडेलचा नेहमीचा सिमेंट ग्लू प्लास्टिक वितळवूनच जोडतो. त्याचा एक तंतू कॅनोपीवर पडला तरी कायमचा ओरखडा. हात बसेपर्यंत पारदर्शक भागांना तो नकोच. दोन ट्यूबांचा इपॉक्सी पुढे पिवळा पडतो.

काढताना कडेचा टवका उडाला तरी पोराला रडू देऊ नका. मिग-२१च्या नंतरच्या प्रकारांची कॅनोपी उजवीकडे उघडते. उजवी कड चिकटवून ती उघडीच दाखवा, आतला पायलटही दिसेल. आपल्या हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ला निरोप दिला. त्या पोराच्या टेबलावर ते नीट उभं राहिलेलं मला फार आवडेल.