शुगर असलेल्याचा पाय जास्त धोक्यात की नसलेल्याचा?

तुमच्या वडिलांना जुनी शुगर, अंगठा काळा पडत चाललाय पण दुखत नाही. मामांना शुगर नाही, बिडी आहे, रात्री पाय कॉटखाली सोडून कण्हत बसतात. दोघांच्याही पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्यात आणि तुम्ही विचारताय, जास्त काळजी कुणाची करू? मी कोल्हापुरात पायाच्या जखमांचं ड्रेसिंग करतो. माझं उत्तर: वडिलांची.

मामांना ते दुखणंच दवाखान्यात नेईल. शुगरवाल्याच्या पायाला कळतच नाही. नव्या कोल्हापुरीच्या अंगठ्यानं कातडी सोलली जाते आणि चादरीवर डाग दिसल्यावर घरच्यांना पत्ता लागतो. तोवर जंतुसंसर्ग आत गेलेला असतो.

बिडीवाल्यांत अडथळा बहुतेकदा वर, पोट-मांडीतल्या मोठ्या वाहिन्यांत असतो. शुगरमध्ये गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्या जातात. तिथं अँजिओप्लास्टी (फुग्यानं वाहिनी उघडणं) केली तरी पुन्हा बंद पडायची भीती जास्त. म्हणून पाय कापायची वेळ शुगरवाल्यांवर जास्त येते.

आणि एक फसवी गोष्ट. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हे ०.९ च्या खाली आलं की अडथळा धरतात. पण शुगरमध्ये वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, बीपीच्या पट्ट्यानं ती दबत नाही, आकडा १.४ च्याही वर जातो. ‘नॉर्मल’ म्हणून पेशंट घरी! वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. तो ३० च्या खाली असला तर जखम भरणं कठीण.

मामा सुटले असं मात्र नाही. रोग या थराला गेला की शुगर असो-नसो, वर्षभरात साधारण चार-पाचांतला एक दगावतो, आणि तो बहुतेकदा हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं. तेव्हा स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्त पातळ ठेवायची गोळी दोघांनाही लागणार, ती डॉक्टर ठरवतील. बिडी आजच बंद.

कुणी ‘बोट काढून टाकू’ म्हणालं, तर आधी रक्तपुरवठा तपासायला लावा. कापलेली जागा भरायलाही रक्तच लागतं. व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, पायाच्या बायपासचंही विचारा; त्यात शीर जोडून अडथळ्याला वळसा देतात. बायपास आणि अँजिओप्लास्टीसारखे उपचार यांची तुलना करणाऱ्या २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत १,८३० रुग्ण होते, त्यांत बहुतेक शुगरवाले. ज्यांच्या पायातली स्वतःची शीर चांगली होती, त्यांना बायपास सरस ठरली.

अंगठ्याला वास आला, सूज चढली किंवा ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.